खुशालीचा मिस कॉल

परवेजला एक खोड होती. तोंडात घास असताना बोलू नका, असं शमानं लग्नाच्या पहिल्याच वर्षी त्याला दटावलं होतं, तर या गड्यानं घास हातात धरून बोलायची सवय लावून घेतली. भाकरी वाळो, वरण गार होवो, सांगणं संपल्याशिवाय हात तोंडाकडं जायचा नाही. त्या दुपारीही तो तसाच बसला होता. नंदुरबारच्या स्टँडजवळ त्याचं रिचार्जचं, मोबाइलच्या कव्हरांचं टपरीवजा दुकान. ते अर्धं मिटून जेवायला आलेला आणि पेपरात वाचलेलं बायकोला सांगत असलेला. "आते कायदाच करी टाका दिल्लीवालासनी," तो म्हणाला. "फोन निदान अर्धा मिनिट वाजालेच पाहिजे. त्याना पहिले कंपनीनी कापाना नही." शमा पळीनं वरण वाढत होती. "कंपनी कसाले कापी?" ती म्हणाली. "ज्यानी लावा तोच कापस ना?" परवेज हसला. अडाण्याला काही समजावून सांगायची संधी मिळाली की त्याच्या चेहऱ्यावर जे हसू यायचं, ते. "हाईच तर गंमत शे," तो म्हणाला आणि घास हातातच ठेवून त्यानं ती गंमत सांगितली.

गंमत अशी होती. एका कंपनीच्या माणसानं दुसऱ्या कंपनीच्या माणसाला फोन केला, की पहिल्या कंपनीला दुसरीला पैसे मोजावे लागायचे, मिनिटामागं सहा पैसे. म्हणजे ज्याच्याकडून फोन जातो त्याची कंपनी देणार, ज्याच्याकडं येतो त्याची घेणार. आता एका शहाण्या कंपनीच्या डोक्यात आलं, आपल्याकडून जाणारी रिंग थोडी लवकर बंद केली तर? समोरचा माणूस फोनपर्यंत पोचेपोचेस्तोवर रिंग गपगार. तो बघणार मिस कॉल, आणि तोच उलटा फोन करणार. झालं! देणारी कंपनी घेणारी झाली. मग दुसरीनं बोंब ठोकली, तिसरीनं दिल्लीला तक्रार नेली, आणि शेवटी इरेला पेटून सगळ्यांनीच आपापली रिंग आखूड केली. ऐन दसऱ्या-दिवाळीच्या दिवसांत कितीतरी फोन असे अर्ध्यावर मेले म्हणे. गिऱ्हाइकं परवेजच्या दुकानात येऊन भांडत होती, हँडसेट खराब दिला म्हणून. "आनि मी बावळट," परवेज म्हणाला, "लोकेसले सांगू, तुमना कान खराब शेतस." एवढं बोलून त्यानं शेवटी घास तोंडात घातला. शमाच्या हातातली पळी ताटावर तशीच होती. वरण भाकरीवरून वाहत ताटाच्या काठापाशी आलं, काठावरून खाली सांडायला लागलं, तरी ती वाढतच होती. "आवं, बस ना," परवेज म्हणाला. मग त्यानं वर बघितलं, आणि आपण काय बोलून बसलो ते त्याच्या ध्यानात आलं असावं, कारण त्याच्या तोंडातला घास तसाच राहिला.

शमाच्या अब्बांना जाऊन अजून चाळीस दिवस झाले नव्हते. खापरचे युसुफ पिंजारी. गुजरातच्या हद्दीला टेकलेलं ते बाजाराचं गाव, आणि त्या गावात आणि वरच्या डोंगरातल्या पाड्यांत एक घर नसेल जिथं त्यांनी भरलेली गादी नाही. आयुष्यभर कापूस पिंजला. तरणे होते तोवर धनुकलीनं, हातानं, मग मशीन घेतलं. भुवयांवर, कानाच्या केसांवर कायम कापूस बसलेला. शमा लहान असताना तिला वाटायचं, आपले अब्बा जन्मापासूनच म्हातारे आहेत. आई गेल्यावर ते एकटे राहिले, सुरतला लेकाकडं, इरफानकडं गेले नाहीत, नंदुरबारला लेकीकडं तर नाहीच नाही. जावयाच्या घरी राहायचं म्हणजे त्यांच्या मते नाक कापून हातात घेण्यासारखं. मग परवेजनंच दुकानातला एक बटणांचा फोन त्यांना दिला, गळ्यात अडकवायला नाडी बांधून. त्यांना आकडे वाचता येत नव्हते. परवेजनं एकच गोष्ट शिकवली: हिरवं बटण दोनदा दाबायचं, की शेवटचा नंबर लागतो. शेवटचा नंबर नेहमी शमाचाच असायचा, कारण दुसरा नंबर लावणार कोण आणि कसा? तेव्हा बोलायला पैसे पडत. म्हणून बापलेकीत ठरलं, रोज दिवस मावळायच्या सुमाराला अब्बांनी एक रिंग द्यायची आणि कापायचं. त्याचा अर्थ, मी खुशाल आहे. मग शमानं एक रिंग द्यायची आणि कापायचं. त्याचा अर्थ, मिळालं, समजलं. आणि काही अडलं, नडलं, दुखलंखुपलं, तर अब्बांनी कापायचं नाही. वाजू द्यायचं. शमा उचलेपर्यंत वाजू द्यायचं.

पुढं बोलणं फुकटासारखं झालं, तरी ही रीत सुटली नाही. परवेज चेष्टा करायचा, "आते तरी बोला ना दोन्ही बापलेक, मी रिचार्ज करेल शे!" पण बोलायला होतं काय? अब्बांना फोनवर बोलायचं म्हणजे ओरडायचं असं वाटे, आणि ओरडून काय सांगणार, की भेंडीची भाजी केली? ती एक रिंग पुरे होती. शमाला कधी कधी वाटायचं, माहेरच्या दाराची कडी वाजल्यासारखी ती वाजते. शिवणाच्या मशीनवर गिऱ्हाइकांच्या साड्यांना फॉल लावता लावता तिचा कान तिकडं असायचा. रिंग आली की पायांतली ओढ सैल व्हायची, मग ती दिवा लावायला, पोरीला हाक मारायला, कुकर चढवायला मोकळी. असं किती वर्षं चाललं! इतकी सवय, की एखाद्या दिवशी रिंगला उशीर झाला तर हिला तहान लागायची. सारखी पाणी पीत बसायची. आणि मग वाजलं की स्वतःवरच चिडायची, की काय बाई आपण, म्हाताऱ्याला मशिदीतून यायला वेळ लागला एवढंच तर.

ती संध्याकाळ. आता दुपारचं जेवण तसंच टाकून शमा मोरीत हात धूत उभी राहिली आणि ती संध्याकाळ पुन्हा एकदा काढून बघायला लागली. आजवर ती संध्याकाळ तिनं दुसऱ्याच कारणासाठी जपलेली होती, आता तिला ती उलटी करून बघायची होती, गादीची खोळ उलटी करतात तशी. मशीनवर ती हिरवी साडी होती. दिवाळीच्या गर्दीत आलेली, टाचण्या लावलेली, मांडीवर पसरलेली. फोन कुठं होता? खिडकीत. नाही, खिडकीत नव्हता, कापडांच्या ढिगाखाली होता, कारण आवाज दबका आला होता. मशीनची मोटर चालू होती. रिंग कधी सुरू झाली, ते तिला कळलं नव्हतं. कळलं तेव्हा ती वाजत होती. मोटर थांबवली. एक वाजली, अजून एक. आणखी एक का? तिला तेव्हा वाटलं होतं, अब्बांचं बोट हल्ली जड झालंय, कापायला वेळ लागतो. खरंच लागायचा. एकाऐवजी दोन, तीन रिंगा वाजून जायच्या. तरी यावेळी तिनं ढिगाखाली हात घातला होता. हात फोनला लागलाही होता. बोटांना त्याची थरथर लागली होती आणि तेवढ्यात ती थांबली. तेव्हा तिनं काय म्हटलं होतं मनात? "कापला." हो, हाच शब्द. अब्बांनी कापला, म्हणजे खुशाल आहेत. मग तिनं फोन बाहेर काढला, उलटी रिंग दिली, एकदा वाजू दिलं, कापलं, आणि पुन्हा मोटर चालू केली. साडीवाली थोड्याच वेळात न्यायला येणार होती. सकाळी खापरवरून फोन आला, की अब्बा गेले.

"कापला कोणी?" शमा मोरीपाशी उभी राहून एकदम मोठ्यानं म्हणाली. परवेज मागं येऊन उभा होता. "आब्बानीच कापा व्हई," तो म्हणाला. "त्यासनं बोट धीमं व्हतं, तूच सांगस ना? असं काही मनमां आनू नको, शमा." बिचारा. तो तोंडाचा फटकळ, पण मनाचा काळा नव्हता. त्यानं पुढं होऊन नळ बंद केला, कारण पाणी वाहून चाललं होतं. शमाला त्या क्षणी त्याचा राग आला. नवऱ्याचा राग नव्हे तो. त्या हसण्याचा, "गंमत" या शब्दाचा. पण तो तरी काय करणार? त्यानं पेपरात वाचलं ते सांगितलं.

खरी गोष्ट ही होती, की त्या रिंगवर शमानं एक आख्खं घर उभं केलं होतं. मय्यतीच्या दिवशी खापरच्या घरात बायका जमल्या, कुराणाचे सिपारे पढले गेले, आणि जी ती विचारत होती, कसं झालं गं, एकटेच होते का, तेव्हा शमा सगळ्यांना एकच सांगत होती: "मगरिबच्या नमाजाच्या वेळी मला खुशालीची रिंग दिली त्यांनी. अगदी खुशाल होते. झोपेत गेले." बायका म्हणत, नशीबवान माणूस. इरफान सुरतहून ट्रकमध्ये बसून निघालेला, मोटरीचा पट्टा तुटून वाटेत अडकला, आणि पोचला तेव्हा माती देऊन झाली होती. तो कब्रस्तानातून येऊन भिंतीला टेकून बसला, ना रडला ना बोलला. शमानं त्याचं डोकं मांडीवर घेतलं आणि त्यालाही तेच सांगितलं. "शेवटची रिंग मन्हाकडे आली रे भाऊ. खुशाल व्हतात." तेव्हा कुठं तो ढसाढसा रडला. नंतर सुरतहून दर जुम्म्याला फोन करायचा, आणि बोलून झालं की हळूच म्हणायचा, "आपा, ती रिंगनी गोष्ट सांग ना पुन्हा." आणि ही सांगायची. सांगता सांगता तिलाही शांत वाटायचं. बाप जाताना लेकीला सांगून गेला, याहून जास्त माणूस काय मागतो?

आता तेच डोक्यात फिरायला लागलं, उलटं. जर अब्बांनी कापलाच नसेल? जर ते फोन कानाला लावून बसले असतील, वाजू देत, वाजू देत, आणि कोणत्या तरी शहरात कोणत्या तरी यंत्रानं मध्येच तो बंद केला असेल, सहा पैशांसाठी? शमा रात्री-दिवसा कामात असताना मध्येच थांबायची. परवेजच्या फोनवरून स्वतःच्या फोनला रिंग द्यायची आणि समोर ठेवून ऐकत बसायची. रिंग वाजत राहायची, वाजत राहायची, किती वेळ! आता नियम झाला होता ना. आता मोकळेपणानं वाजत होती. इतक्या वेळात तर माणूस मोरीतून येईल, पदर नीट करील, फोन उचलून "हां, बोला अब्बा" म्हणेल. ते ऐकताना तिला संताप यायचा, आणि संताप कोणावर करायचा तेही कळायचं नाही. परवेजनं सांगितलं होतं, दिल्लीत मोठी बैठक झाली, सगळ्या कंपन्यांची माणसं आली, एकमेकांवर चोरीचे आळ घेतले, वकील बोलले, एकानं म्हटलं एवढी रिंग पुरे, दुसऱ्यानं म्हटलं इतकी हवी. शमा मनात म्हणायची, तिथं खापरचं कोण होतं? गुडघे धरून उठणारं एखादं म्हातारं माणूस बसवलं होतं का त्यांनी त्या बैठकीत? किंवा मांडीवर टाचण्या लावलेली साडी घेऊन बसलेली बाई? बाई उठते कशी, टाचणी बोचू नये म्हणून कापड कसं आधी उचलते, याला वेळ किती लागतो, हे विचारलं कोणी? आणि लगेच तिचं मन तिला म्हणायचं, कंपनीवर ढकलते आहेस होय? हात तर तुझाच उशिरा गेला. मशीन तर तूच चालू ठेवलंस. मग ती पुन्हा अब्बांच्या जड बोटाकडं यायची. बोट जड होतं, नक्की होतं, सगळ्यांना माहीत होतं. अशी ती दिवसभर या टोकाहून त्या टोकाला जायची, आणि हातून दोरा तुटायचा, गिऱ्हाइकाचा फॉल वाकडा लागायचा, पोरगी मदिहा विचारायची, अम्मी, काय झालं, तर तिच्यावर खेकसायची.

शेवटी एके दिवशी ती बुरखा चढवून अब्बांच्या कंपनीच्या ऑफिसात गेली. परवेजला सांगितलं नाही. गावातच होतं ते, काचेचं दार, आत गार हवा, आणि काउंटरला कंपनीचा शर्ट घातलेली एक मुलगी. तिच्या छातीवर नाव होतं, दीपमाला. शमानं अब्बांचा फोन सोबत आणला होता, कागदही आणले होते. तिनं विचारलं, या नंबरवरून अमुक दिवशी संध्याकाळी माझ्या नंबरला फोन आला होता, तो त्यांनी कापला की तुम्ही? मुलगी आधी गोंधळली. मग तिला समजलं, आणि समजल्यावर तिचा चेहरा बदलला. चांगली मुलगी असणार. तिनं बराच वेळ यंत्रावर बोटं चालवली. "ताई," ती म्हणाली, "इथं तर काहीच दिसत नाही. त्या महिन्यात या नंबरवरून एकही कॉल नाही." शमाला वाटलं, आपण ऐकण्यात चुकतोय. "एकही नाही कसा? रोज यायचा." "मिस कॉल असेल ना," दीपमाला म्हणाली. "मिस कॉलचे पैसे लागत नाहीत, म्हणून तो बिलात येत नाही. ज्याचे पैसे लागतात तेवढंच आम्हाला दिसतं." शमानं विचारलं, "आणि त्याच्या मागच्या महिन्यात?" नव्हता. त्याच्या मागच्या? तिथंही फक्त परवेजनं मारलेलं रिचार्ज. इतक्या वर्षांच्या इतक्या संध्याकाळी, आणि कंपनीच्या लेखी त्या बापानं लेकीला कधी फोनच केला नव्हता. दीपमालानं खुर्ची पुढं सरकवली आणि पाणी दिलं. "मन्हा बाबा बी असाच मिस कॉल देस, ताई," ती हळूच म्हणाली, एवढा वेळ शाळेतली मराठी बोलणारी ती पोर. शमा पाणी पिऊन उठली. बाहेर ऊन होतं, रिक्षावाले ओरडत होते, आणि तिला रडू येत होतं पण रस्त्यात कुठं रडणार.

चाळिसाव्याला ती आदल्या दिवशीच खापरला गेली. परवेज आणि मदिहा दुसऱ्या दिवशी येणार होते, इरफानही परस्पर येणार होता. एसटीत खिडकीशी बसून तिनं तापीचा पूल ओलांडला, तळोदा मागं टाकलं, अक्कलकुव्याला बस बराच वेळ उभी राहिली. सगळ्या वाटेत ती स्वतःला समजावत होती, की आता हे थांबव. नाही कळणार ते नाहीच कळणार. इरफान येईल, त्याला तीच गोष्ट सांग जी तो मागतो. तुला नाही पटली तरी त्याला पटू दे. एवढं तरी बहिणीनं करावं. अक्कलकुव्यानंतर सातपुड्याची रांग जवळ आली आणि तिला एकदम बरं वाटलं, अगदी उगीचच, माहेरी जाताना वाटतं तसं. आणि मग आठवलं, की दार उघडायला कोणी नाही.

घरात कापसाचा वास होता. एक गादी अर्धी भरलेली, सुई खोचलेली, दोरा लोंबत असलेला. मय्यतीच्या गर्दीत ती कोणीतरी कोपऱ्यात सारून ठेवली होती. शमा झाडायला लागली. जिथं झाडू लावावा तिथून कापूस उडे आणि पुन्हा खाली बसे, केर गोळाच होईना. तेवढ्यात समोरची रूपलीबाई आली. डोंगरातल्या पाड्यावर लग्न होऊन गेलेली, मग नवरा गेल्यावर खापरला येऊन राहिलेली, बाजाराच्या दिवशी भाजी विकणारी. अब्बांच्या शेजारात तीस वर्षं राहून तिला पिंजाऱ्याच्या घरातलं सगळं ठाऊक होतं. घरात ती तिची पावरी बोली बोले, बाजारात आणि शमाशी मोडकीतोडकी अहिराणी. तिनं शमाच्या हातून झाडू काढून घेतला, पाण्याचा हबका मारला आणि कापूस खाली बसवला. "पानी मारनं पडस," ती म्हणाली. "तुन्हा बापनीच माले सांगं व्हतं." दोघी उंबऱ्यावर बसल्या. रूपलीबाई बोलत राहिली, भाजीच्या भावाचं, पावसाचं, कोणाची म्हैस व्यायली त्याचं. शमाला तिचं बोलणं चांगलं वाटत होतं. आणि मग, तिला विचारायचं नव्हतं तरी तिच्या तोंडून निघून गेलं, "मावशी, ती सांजले तू त्यासले देखं व्हतं का?"

"देखं ना," रूपलीबाई म्हणाली. अगदी सहज, शमाला हे माहीतच असणार अशा आवाजात. भाजीची वाटी द्यायला ती आली, तर युसुफभाई याच उंबऱ्यावर बसलेले, कपाळावर घाम, हात छातीशी. ती म्हणाली, चला, अक्कलकुव्याला दवाखान्यात जाऊ, मी जीपवाल्याला हाक मारते. तर ते नको म्हणाले. फोन दाखवला तिला, गळ्यातला. "बोलना, मी शमाले फोन लावा. खूप वाजू दिधा. आनि तिनी माघारी रिंग दिधी. तिले समजनं. ती निंघनी आते." रूपलीबाईनं पुन्हा म्हटलं, अहो, ती येईस्तोवर तरी जीपनं जाऊ. पण ते ऐकेनात. पोरगी येईल आणि दाराला कुलूप बघून घाबरेल म्हणाले. तिनं मग त्यांना आत नेऊन निजवलं. दार लावू लागली तर म्हणाले, राहू दे उघडं, शमा येईल. "बरं वाटी ऱ्हायनं व्हतं त्यासले," रूपलीबाई म्हणाली. "तू यी ऱ्हायनी म्हनीसन. हासी ऱ्हायनात व्हतात. सकाय मी उनू, तं दार तसंच उघडं."

शमा ऐकत होती. समोरच्या रस्त्यानं एक जीप गेली, माणसं टपावर बसलेली, आणि ती त्या माणसांकडं बघत राहिली. आपण उलटी रिंग दिली. मिळालं, समजलं. आपणच दिली ती, या हातानं, आणि मशीन चालू केलं. अब्बांनी पुन्हा बटण दाबलं नाही, कारण लेकीचं उत्तर आलं होतं. कोणाला हाक मारली नाही, जीपमध्ये बसले नाहीत, कारण लेक निघाली होती. ते वाट बघत होते. रिंग कोणी कापली हा एवढे दिवस छळणारा प्रश्न तिला आता कुठल्या कुठं गेलेला वाटला, जणू दुसऱ्याच कोणाचा. अब्बा उघड्या दाराकडं बघत पडले होते, आणि रस्त्यावरून जाणारी प्रत्येक गाडी त्यांना लेकीची वाटली असेल. तिला ओरडावंसं वाटलं. अब्बा, मी नव्हते निघाले हो. मी साडीला फॉल लावत होते.

रूपलीबाईनं तिच्या पाठीवर हात ठेवला. तो हात बराच वेळ तिथंच राहिला. मय्यतीच्या दिवशी, शमा बायकांना "खुशाल होते" असं सांगत होती, तेव्हा ही बाई मागं पाण्याच्या हंड्यापाशी उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं आणि एक अक्षर बोलली नव्हती. ती का बोलली नव्हती, ते आता तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं. तिला वाटलं होतं, पोर लाजली असेल. बापानं बोलावलं आणि पोचता आलं नाही, हे चारचौघांत कोणत्या तोंडानं सांगेल? म्हणून त्या दिवशी शमाच्या देखत तिनं ते झाकलं होतं, शेजारधर्म म्हणून. आता घरात दोघीच होत्या. तिनं आवाज खाली आणला आणि फार दिवसांपासून मनात असलेलं, पण विचारू की नको असं झालेलं, हळूच विचारलं.

"ती सांजले तुले गाडी नही भेटनी का व, माय?"

शमानं तिच्याकडं बघितलं. खापरची शेवटची एसटी त्या संध्याकाळी होती. रिंग आली त्यानंतर बऱ्याच वेळानं सुटली होती, आणि स्टँड घरापासून हाकेच्या अंतरावर होतं.

"नही भेटनी," ती म्हणाली.

रूपलीबाईनं मान हलवली. "कोनी इचारं, तं मी हाईच सांगं समदासले," ती म्हणाली.